चालू वादनात नोट पुढे पाठवण्याबाबत

आमच्या संगीत भवनात वाद्यवृंद नाही, हे सुरुवातीलाच नमूद केलेलं बरं. पूर्वी होता. चव्वेचाळीस माणसं होती, त्यांना चव्वेचाळीस खुर्च्या होत्या, आणि वर्षातून सहा वेळा ती माणसं त्या खुर्च्यांवर बसून वाजवत असत. मग फेररचना झाली आणि माणसं कमी करण्यात आली. खुर्च्या राहिल्या, कारण त्यांची नोंद जडवस्तू नोंदवहीत होती आणि माणसांची नव्हती.

माणसांच्या जागी आता प्लगइन आहे. हा प्राणी ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्लगइन म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसणारा छोटा प्रोग्रॅम. आता अमुक नोट, इतका वेळ, इतक्या जोरात, असं कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, की तो हुबेहूब व्हायोलिनचा, क्लॅरिनेटचा, म्हणाल त्या वाद्याचा आवाज काढतो. सांगितलं नाही तर गप्प बसून राहतो. स्वतःहून त्याला काहीही सुचत नाही, या बाबतीत तो भवनाच्या कायम कर्मचाऱ्यांच्या तोडीस तोड आहे. मी भवनाचा कायम ध्वनितंत्रज्ञ आहे, तेव्हा हे मी माहितीनेच सांगतोय.

आता हे सांगायचं कुणी? स्वरलेखन वरच्या मजल्यावर लेखन शाखेच्या संगणकात असतं आणि प्लगइन खाली ध्वनी शाखेत, माझ्याकडे. पद्धत अशी, की लेखन शाखेने स्वरलेखन कागदावर छापायचं, कागद जिन्याने खाली यायचा, आणि मी तो समोर ठेवून एकेक नोट बोटाने टाइप करायची. म्हणजे संगणकातलं कागदावर आणि कागदावरचं परत संगणकात. या प्रवासात नोट कशीबशी पोचायची, पण ती हळुवार वाजवायची की ठासून, पुढच्या नोटकडे सरकत न्यायची की तोडायची, हे सगळं जिन्यातच गळून जायचं. जे वाजायचं त्याला कुणी संगीत म्हटलं की मी कानावर हात ठेवायचो, दोन्ही अर्थांनी.

बारा वर्षं मी हे निमूटपणे केलं आणि आणखी बारा केलं असतं. पण मध्ये सासऱ्यांचा कान आला.

माझे सासरे त्या चव्वेचाळिसांपैकी एक. एकतीस वर्षं दुसऱ्या रांगेत, खांबाच्या मागे बसून त्यांनी क्लॅरिनेट वाजवली. खांबामुळे प्रेक्षकांना ते कधी दिसले नाहीत. उभ्या हयातीत दुसऱ्यांचं वाजवलं आणि स्वतःची अशी एकच रचना लिहिली, पाच मिनिटं दहा सेकंदांची, सहाशे बारा नोट्सची. ती कधीच कुणी वाजवली नाही. यंदा कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की डावा कान गेलाच आहे आणि उजवा यंत्र लावून तीन महिने चालेल. चौथा महिना मिळाला तर नशीब.

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, “बारा वर्षं त्या भवनात वायरी ओढताय. माझ्या बाबांसाठी एक ओढा.”

मी ओढली. सासऱ्यांची रचना वर लेखन शाखेच्या संगणकात उतरवून घेतली, दुपारच्या सुट्टीत वरच्या खिडकीतून खालच्या खिडकीत वायर सोडली, चार ओळींचा जोडप्रोग्रॅम लिहिला, आणि वादन चालू असतानाच स्वरलेखनातली माहिती थेट प्लगइनला मिळू लागली. नोट, तिचा जोर, तिच्यावर सासऱ्यांनी लिहिलेली बारीकसारीक सूचना, सगळं एका क्षणाच्या शंभराव्या भागात खाली. पहिली ओळ वाजली आणि माझ्या अंगावर काटा आला. यंत्रातून कुणीतरी श्वास घेतोय असं वाटलं. मी धावत जाऊन घरी फोन केला, म्हटलं बाबा, आत्ता या, माझ्या टेबलापाशी ऐकवतो.

“टेबलावर नको, जावईबापू,” सासरे म्हणाले. “ज्या खुर्चीवर बसून एकतीस वर्षं लोकांचं वाजवलं, तिथे बसून माझं ऐकीन. एकदाच. मग गेला कान तर जाऊ दे.”

सभागृह म्हटलं की परवानगी आली. मी साधा अर्ज लिहिला. विषय: चालू वादनात लेखन शाखेतील नोट ध्वनी शाखेस थेट मिळण्याबाबत. अर्जात मी ‘नोट’ऐवजी ‘स्वर’ लिहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बारा वर्षं तोंडात बसलेला शब्द, तोच कागदावर उतरला.

लेखन शाखेच्या प्रमुख मॅडमनी अर्ज दोनदा वाचला आणि नोट्स किती आहेत असं विचारलं. मी म्हटलं, सहाशे बारा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गच्चीवरची टाकी बदलायची होती तेव्हासुद्धा त्या प्रकरणात सत्तावीसच नोट्स सादर झाल्या होत्या, म्हणाल्या, आणि ती टाकी चार हजार लिटरची होती.

मी म्हटलं, “मॅडम, ही फायलीतली नोट नाही. ही वाजणारी नोट.”

“या कार्यालयात नोट वाजत नाही,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “नोट सादर होते.”

त्यांनी मला नियम काढून दाखवला. कोणतीही नोट एका शाखेतून दुसऱ्या शाखेत शाखाप्रमुखाच्या स्वाक्षरीशिवाय जाणार नाही. त्यात वाजणारी आणि न वाजणारी असा भेद केलेला नव्हता, आणि भेद करण्याचे अधिकार मॅडमना नव्हते. मॅडम वाईट नाहीत, हे इथे सांगितलं पाहिजे. सासऱ्यांच्या कानाचं ऐकून त्यांचे डोळे खरोखर पाणावले. डॉक्टरांचा दाखला जोडा, प्रकरणाला ‘तातडीचे’ असा शिक्का मारून देते, म्हणाल्या. बायकोने दुसऱ्याच दिवशी दाखला आणून दिला. मी विचारलं, अर्ज दुरुस्त करून ‘स्वर’ लिहू का? तर दुरुस्त अर्ज हा नवीन अर्ज, आणि नवीन अर्ज छाननी समितीपुढे, आणि समितीची बैठक पाच महिन्यांनी. उजव्या कानाकडे पाच महिने नव्हते. मी म्हटलं, राहू द्या ‘नोट’च. तुम्हीही हेच म्हणाला असतात.

मग निदान सहाशे बारा नोट्सवर आधीच सह्या करून ठेवाव्यात, अशी मी विनंती केली. तर अर्जात ‘चालू वादनात’ असे शब्द होते. आधी मंजूर करून ठेवलेली नोट चालू वादनात मंजूर झाली असं कसं म्हणणार? एरवी आपलं बिनचूक लेखन कुणाच्या लक्षात येत नाही. इथे शब्दन् शब्द लक्षात आला.

मंगळवारी सकाळी साडेदहाला चाचणी झाली. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, खांबामागच्या आपल्या खुर्चीवर, उजव्या कानामागे हात धरून बसले. मी प्लगइन सुरू केला. पडद्यावर अक्षरं आली: ‘नोटची प्रतीक्षा’. वर पहिली नोट छापण्यात आली, तिला पृष्ठक्रमांक पडला, समास सोडण्यात आला, आवक-जावक कारकुनाने तिची नोंद घेतली, मॅडमनी सही केली, आणि बारा वाजून चाळीस मिनिटांनी ती ध्वनी शाखेत पोचून वाजली.

काय वाजली! सासऱ्यांनी डोळे मिटले. ही माझीच, असं पुटपुटले. पाच मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि जरा लांबतेय का, असं विचारलं. लांबतच होती. प्लगइनला पुढची नोट मिळेपर्यंत तो आधीची सोडत नाही, आणि पुढची नोट मॅडमच्या टेबलावर होती, आणि मॅडम जेवायला गेल्या होत्या. एक तास पन्नास मिनिटं तो एकच स्वर भवनात भरून राहिला. शेजारचे दंतवैद्य येऊन म्हणाले, की त्यांच्याकडचे रोगी ड्रिल चालू करा म्हणून मागे लागलेत, म्हणजे हे तरी ऐकू येणार नाही. मी बंद करू शकत नव्हतो. नोट थांबवायलाही नोटच लागते.

कार्यालय सुटेपर्यंत तीन नोट्स झाल्या. दिवसाला तीन, म्हणजे सहाशे बारा नोट्सना दोनशे चार कामाचे दिवस. घरी परतताना सासरे खुशीत होते. तीन ऐकल्या, बरं लिहिलंय की मी, असं दोनदा म्हणाले. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमपुढे हात जोडले, आणि चाचणीत वाजलेल्या तिन्हींसकट सगळ्या नोट्सची एकत्र छाननी करायला त्या तयार झाल्या. इथे प्रकरणाला खरा वेग आला. जिथे जिथे अर्धी नोट, म्हणजे निम्मा वेळ वाजणारी, होती, तिथे तिथे ‘नोट अपूर्ण आहे, पूर्ण करून फेरसादर करावी’ असा शेरा पडला. पूर्ण नोट्सना ‘नोट संक्षिप्त असावी’ हा शेरा मिळाला. एक ओळ पुन्हा वाजवा अशी खूण होती, ती सबंध ओळ ‘यापूर्वीच सादर’ म्हणून बाद झाली. स्वरलेखन ज्या पाच रेघांवर लिहितात त्यांच्या वर गेलेल्या नोट्सवर निर्णय घेण्याचे अधिकार शाखाप्रमुखांना नाहीत, त्या वरिष्ठांकडे गेल्या, आणि खालच्या रेघेच्याही खाली उतरलेल्या नोट्स कनिष्ठ स्तरावर निकाली काढाव्यात म्हणून शिपायाकडे देण्यात आल्या. शिपायाने त्या जपून ठेवल्या आहेत. चौथ्या ओळीवर सासऱ्यांनी ‘इथे सावकाश’ असं लिहिलं होतं. सगळ्या स्वरलेखनातली हीच एक सूचना कार्यालयाने तंतोतंत पाळली. चौथी ओळ अजून वरच आहे.

राहता राहिले विश्राम. संगीतात वाजवणारा जिथे थांबतो त्या जागेला विश्राम म्हणतात. सासऱ्यांच्या रचनेत असे एकोणचाळीस होते. विश्राम हा शब्द बघून मॅडमनी ते आस्थापना शाखेकडे वळवले, कारण रजेचं काम तिकडे होतं. आस्थापनेच्या कारकुनाने मला बोलावून घेतलं. रचनेच्या अगदी आरंभीच एक विश्राम होता, तो बघून तो चकित झाला होता. कामावर रुजू होण्याआधीच रजा हे आपण प्रथमच पाहतोय, म्हणाला. तरी माणूस सज्जन. एकोणचाळीस रजेचे अर्ज त्याने माझ्याकडून भरून घेतले आणि कानाचा वैद्यकीय दाखला प्रत्येकाला जोडून एका दिवसात सगळे मंजूर करून दिले.

दोन महिन्यांच्या अखेरीस स्थिती अशी होती: सहाशे बारापैकी मंजूर नोट्स, शून्य. एकोणचाळीसपैकी मंजूर विश्राम, एकोणचाळीस.

अशा वेळी फाईल संचालकांच्या हाती पडली. त्यांना ‘थेट’ हा शब्द फार आवडला. तेवीस तारखेला सकाळी अकरा वाजता थेट स्वरवहन प्रणालीचं उद्घाटन, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं आणि तीनशे निमंत्रणं छापायला पाठवली. मी गेलो आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, की साहेब, मंजूर फक्त विश्राम आहेत.

“मंजूर आहेत ना?”

“आहेत.”

“मग ते वाजवा. बाकीच्या जागा रिक्त दाखवा. जागा रिक्त असल्या म्हणून कुठलं कार्यालय बंद पडलंय?”

वायर मी गुपचूप जोडली असती, पण ती प्रकरणातला पुरावा म्हणून पाकिटात सीलबंद होती. सासऱ्यांना खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं. तेवीस तारखेला सकाळी स्वयंपाकघरात बायको माझ्या कानात कुजबुजली, की बाबांना कोट घट्ट होतोय. तर बाहेरच्या खोलीतून सासरे म्हणाले, “कोट तेवढाच आहे, मीच सुटलोय.” कान ठणठणीत होता. मी मनाशी हिशेब केला: तीनशे माणसं येतील. काही वाजत नाही म्हटल्यावर कुणीतरी एक जण उभा राहील, ओरडेल. गोंधळ होईल. त्या गोंधळात सील फोडून वायर लावायला मला तीस सेकंद पुरे होते. पाकीट मी कोटाच्या खिशात घालून ठेवलं.

सभागृह भरलं. मंचावर चव्वेचाळीस खुर्च्या, त्यातल्या त्रेचाळीस रिकाम्या. सासरे खांबाच्या मागून वाकून प्रेक्षकांकडे बघत होते. आपलं ऐकताना लोकांचे चेहरे कसे होतात, हे त्यांना बघायचं होतं. संचालकांनी वेगाविषयी पाऊण तास भाषण केलं. मग मी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी रेघ सरकू लागली.

पहिले दहा सेकंद लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. माझा हात खिशात होता. मग पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे मिटले. त्यांच्या शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडे बघून डोळे मिटले. मग मागे कुठेतरी एक मान डोलली. तिच्यामागून दुसरी, आणि मिनिटाभरात तीनशे माना डोलत होत्या. एकाने मांडीवर ताल धरला. दोघांनी रुमाल काढले. इतके जण ऐकतायत म्हणजे वाजतच असणार, असा प्रत्येकाचा सरळ हिशेब होता.

सासऱ्यांनी कानातलं यंत्र काढून झटकलं, परत लावलं. पुन्हा काढलं, त्यावर फुंकर मारली, पुन्हा लावलं. मग ते माझ्याकडे वळले.

“वाजतंय का हो, जावईबापू?”

कमी ऐकणाऱ्या माणसाला असतो तसा त्यांचा आवाज मोठा होता. तीनशे माणसांनी एका सुरात त्यांना ‘श्शऽऽ’ केलं. सासरे ओशाळले. ते अजून माझ्याकडेच बघत होते. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

त्यांनी यंत्र बंद करून खिशात घातलं, हात मांडीवर ठेवले, आणि उरलेला वेळ माना बघत बसले.

दाराशी चिठ्ठ्या दिल्या होत्या. ‘सदर वादन मी ऐकले. रांग, आसन, स्वाक्षरी.’ चिठ्ठी दिली की चहा मिळत होता. सासरे आणि मी धरून तीनशे दोन चिठ्ठ्या आल्या. तीनशे एकांवर सह्या आहेत. एकीवर सासऱ्यांनी छापील मजकूर खोडून लिहिलं आहे: ‘मला ऐकू आले नाही.’ भवनाने या तक्रारीची रीतसर दखल घेतली. वैद्यकीय दाखला फायलीत होताच, एकोणचाळीस प्रतींत. तक्रार त्याच दुपारी निकाली निघाली.

घरी आल्यावर लोकांना आवडलं का, एवढंच त्यांनी विचारलं. बायकोला निमंत्रण नव्हतं, ती भवनाच्या बाहेरच्या जिन्यावर थांबली होती आणि तिथपासून माझ्याशी बोलत नव्हती. मी म्हटलं, आवडलं. म्हणाले, मग झालं तर.

आठवड्याने मी धीर केला. संगणक घरी आणला, सहाशे बारा नोट्स थेट जोडल्या आणि हेडफोन त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, बाबा, त्या दिवशी काही वाजलंच नव्हतं. तुमचा कान ठीक आहे. मी हे नेहमीच्या आवाजात बोललो आणि त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला.

“बोलणं ऐकू येतं अजून,” ते म्हणाले. “वाजलेलं नाही येत. तीनशे माणसं डोलताना या डोळ्यांनी पाहिली मी. माझं मन राखायला खोटं नका बोलू, जावईबापू. तुम्ही स्वतः मान हलवलीत.”

आणि त्यांनी हेडफोन हलक्या हाताने बाजूला सारला.

माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही. तीनशे एक सह्यांपैकी एक माझी आहे. त्यांना पटेल तर सभागृहात बसलेल्या एखाद्या परक्या माणसाचं पटेल, म्हणून मी त्या चिठ्ठ्या घेऊन बसलोय आणि एकेकाला गाठतोय. पहिल्या पाच रांगा झाल्या. सगळ्यांना वादन फार भावलं होतं, विशेषतः त्यातला संयम.

आता सहावी रांग, डावीकडून चौथं आसन. ही सही तुमची आहे. मी मंचावरून पाहत होतो, ताल तुम्ही धरला होतात. डॉक्टर म्हणतात कान अजून अकरा दिवस आहे. आमचं घर भवनाच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला. फार काही नको, एकदा येऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसा आणि सांगा की त्या दिवशी तुम्हालाही काही ऐकू आलं नव्हतं. चहा आमच्याकडेही मिळतो. त्याला सही लागत नाही.